डोंगरावरची चौपाटी

जव्हारचं राज्य बैलाच्या कातड्यावर उभं राहिलं, असं ब्रिटिशांच्या जुन्या गॅझेटियरात लिहून ठेवलं आहे. जयबा मुकणे नावाचा कोळी पुढारी तेव्हाच्या सरदाराकडे गेला आणि म्हणाला, "मला बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढी जमीन द्या." सरदाराने मोठ्या मनाने होकार दिला. जयबाने घरी जाऊन कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि त्या दोरीने सगळा डोंगर वेढून टाकला. महाराष्ट्रात जमीन मोजणीवरून भांडण लागलं नाही असं गाव नाही, पण मोजणीच्या दोरीतूनच राज्य काढणारा माणूस एकच. पुढे 1343 साली दिल्लीच्या सुलतानाने जयबाचा मुलगा नेमशहा याला राजा म्हणून मान्यता दिली आणि वाद्यांचा कारभार कायदेशीर झाला.

हीच गोष्ट भूमध्य समुद्राच्या काठी कार्थेज वसवणाऱ्या दिदो राणीबद्दलही सांगतात. फरक एवढाच, की राणीने कातडं समुद्राजवळ पसरलं आणि जयबाने डोंगरावर. त्याने वाद्या आणखी थोड्या बारीक कापल्या असत्या, तर दोरी साठेक किलोमीटरवरच्या डहाणूला पोचली असती आणि समुद्र आमचा झाला असता. एका माणसाची सुरी जरा बोथट निघाली आणि पावणेसातशे वर्षं गाव चौपाटीवाचून राहिलं.

हे दुःख आम्हाला कळलं मात्र उशिरा. साधारण दीड हजार फुटांवर, थंड हवेत, धो धो पावसात आम्ही सुखाने ‘ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर’ म्हणवून घेत होतो. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि महाबळेश्वराची पालघरला बदली झाली. तेव्हापासून जिल्ह्याचं वर्णन करायला उभा राहिलेला प्रत्येक वक्ता म्हणतो, "आपला जिल्हा सागरी, नागरी आणि डोंगरी आहे." सागरी म्हणजे डहाणू, बोर्डी, केळवे, अर्नाळा. नागरी म्हणजे वसई-विरार. डोंगरी म्हणजे जव्हार आणि मोखाडा. आमचा नंबर तिसरा. आमच्यापर्यंत वाक्य येतं तेव्हा वक्त्याचा श्वास संपलेला असतो आणि समोरच्यांच्या टाळ्या ‘सागरी’वरच खर्ची पडलेल्या असतात.

तरीही आमच्याकडे शनिवार-रविवारी मुंबई-नाशिकची माणसं येतात. गाडीतून उतरून पाय मोकळे करतात, चहा मागवतात आणि विचारतात, "इथे बघण्यासारखं काय आहे?" आम्ही सांगतो, दाभोसाचा धबधबा आहे, तीनशे फुटांवरून पडतो. काळमांडवी आहे. गुलाबी दगडात बांधलेला जय विलास राजवाडा आहे. हनुमान पॉइंट आहे. हवा स्वच्छ असली तर तिथून माहुलीचा किल्ला दिसतो. सनसेट पॉइंट आहे. दरी धनुष्यासारखी वळलेली, म्हणून पूर्वी त्याला धनुकमाळ म्हणत, आणि मावळतीला तिथून डहाणूजवळचा महालक्ष्मीचा सुळका दिसतो. शिरपामाळ आहे. शिवाजी महाराज सुरतेच्या स्वारीला निघाले तेव्हा इथे थांबले होते आणि जव्हारच्या विक्रमशहाने त्यांना शिरपेच अर्पण केला, अशी गावची परंपरागत हकीकत आहे. एवढी यादी ऐकून पाहुणे मान डोलावतात. मग त्यातला एक जण मोबाइल वर करून विचारतो, "पण फोटो कुठे काढायचा?"

इथे गाव हरतं. महाराजांचं स्वागत एका मोकळ्या माळावर होऊ शकलं, पण रविवारच्या पाहुण्याला मोकळा माळ म्हणजे अजून काम सुरू व्हायचं आहे अशी जागा वाटते.

म्हणून सुशोभीकरण. हे शास्त्र जन्मलं समुद्रकाठी. तिथे निसर्गाने एक बाजू आधीच पूर्ण करून दिलेली असते, उरलेल्या बाजूला काय करायचं हा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर मालवणपासून डहाणूपर्यंत बहुतेक सारखंच मिळतं. तेच उत्तर आता घाट चढून डोंगरावर येतं. त्याचे घटक ठरलेले आहेत. ते एकदा पाठ झाले, की कोणत्याही गावात उतरल्यावर आपण घरी आल्यासारखं वाटतं.

पहिला घटक पेव्हर ब्लॉक. माती दिसली की तिच्यावर पेव्हर ब्लॉक घालायचा, हा या शास्त्राचा पहिला नियम. समुद्रकाठी वाळू उडते म्हणून तो घालतात, असं समजू. पण आमच्याकडे पावसाळ्यात जो पाऊस कोसळतो त्याला जमिनीत जायला वाट लागते. ती बुजवल्यावर पाणी ब्लॉकांखाली शिरतं, खालची खडी घेऊन दरीत जातं आणि ब्लॉक अधांतरी राहतात. पुढच्या रविवारी पाहुणा त्यावर पाय ठेवतो तेव्हा एक टोक खाली जातं, दुसऱ्या टोकाकडून गढूळ पाण्याची पिचकारी थेट पँटीवर येते. धबधबा बघायला आलेल्या माणसाला तो असा वाटेतच भेटतो.

दुसरा घटक स्टीलचा कठडा. डोळे दिपवणारा, दुपारी हात लावता न येणारा. तिसरा घटक इंग्रजी अक्षरं: ‘आय’, मग लाल बदाम, मग गावाचं नाव. हे अक्षरकाम सुरुवातीला परदेशातल्या मोठ्या शहरांत झालं. आता महाराष्ट्रात एकही तालुका असा उरलेला नाही ज्याच्यावर कुणीतरी इंग्रजीतून प्रेम करत नाही. चौथा घटक सेल्फी पॉइंट, म्हणजे दोन रंगीत पंख. मधे उभं राहायचं. मला आजवर कळलेलं नाही, की समोर तीनशे फूट खोल दरी असताना माणसाला पंख लावून उभं करण्याची कल्पना कुणाला सुचली.

पाचवा घटक ओपन जिम. हे समुद्रकाठी शोभतं, कारण तिथे सकाळी फिरायला येणाऱ्यांची पोटं असतात. मोखाड्यातली बाई मात्र उन्हाळ्यात डोक्यावर दोन आणि कमरेवर एक हंडा घेऊन टेकाड चढते. तिला अडवून "वहिनी, जरा या यंत्रावर खांद्याचा व्यायाम करून बघा," असं सांगण्याची माझी हिंमत नाही. एकदा पाहिलं होतं, जिमच्या दांड्यावर कुणीतरी गोधडी वाळत घातली होती. सगळ्या यंत्रांपैकी तेवढं एकच चालू होतं.

सहावा घटक कारंजं. ते उद्घाटनाच्या दिवशी उडतं. एरवी डास त्याची देखभाल करतात.

सातवा घटक वारली चित्र, आणि इथे मात्र आम्ही हक्काने बोलणार, कारण ते आमच्याच भागातलं. वारल्यांच्या घरात लग्न असलं की सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसवतात. तिथून हे चित्र कागदावर आणि कागदावरून जगभर नेलं डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. एवढ्या प्रवासानंतर आज ती बारीक काडीची माणसं कुठे नाचताना दिसतात? पुलाच्या खांबावर, रोहित्राच्या डब्यावर आणि ‘पुरुष’ व ‘स्त्रिया’ यांच्या मधल्या भिंतीवर. तारप्याच्या नाचाचा एक रिवाज आहे: नाचणाऱ्याने तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ करायची नाही. एवढे वळसे घेतात, पण पाठ करत नाहीत. सार्वजनिक बाक बसवणाऱ्यांनी हा नाच एकदा शिकून घ्यावा असं मला फार वाटतं. समुद्रकाठच्या एका गावात मी असे बाक पाहिले, की बसणाऱ्याची पाठ समुद्राकडे आणि तोंड पार्किंगकडे. तिथे चौकशी केली तर उत्तर मिळालं, "नकाशात उत्तर दिशा खाली धरली गेली."

आठवा आणि मुख्य घटक कोनशिला. हिच्याबद्दल शेवटी बोलू, कारण तीच एक वस्तू अशी आहे जी प्रत्येक ठिकाणी वेळेत पूर्ण होते.

आमच्या ओळखीच्या एका सल्लागार गृहस्थांना घेऊन मी आणि नाना सनसेट पॉइंटला गेलो होतो. नाना म्हणजे आमच्या नात्यातले, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. निवृत्त झाले तरी त्यांना पुढच्या माणसाने दोन पावलं टाकली की "पुढे सरका, पुढे सरका," म्हणण्याची सवय आहे. सल्लागारांनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर आमचाच सनसेट पॉइंट होता, पण ओळखू न येणारा. काचेचा सज्जा, खाली निळे दिवे, दोन्ही बाजूंना नारळाची झाडं, गोऱ्या बाईच्या हातात पांढरा कुत्रा, आणि आकाशात समुद्रपक्षी.

"सर, हे पक्षी?" मी विचारलं.

"ते रिप्लेस होतील," ते म्हणाले. "हे मूळ प्रेझेंटेशन वॉटरफ्रंटचं आहे."

"वॉटरफ्रंट म्हणजे?" नाना.

"पाण्यासमोरची मोकळी जागा."

नानांनी दरीकडे पाहिलं. "जूनमध्ये या साहेब. पाणी समोर असेल, मागे असेल, वरही असेल."

सल्लागार हसले, पण हलले नाहीत. "काका, लोकांना अनुभव द्यायला लागतो. इथे बसून सूर्यास्त बघण्याचा अनुभव."

"तो तर आत्ताही मिळतो," नाना म्हणाले. "त्या दगडावर बसा. तिकीट नाही."

सल्लागारांनी दगडाकडे बघितलं. त्यावर आधीच चार माणसं होती: एक गुराखी, मोटारसायकलवरून आलेलं एक नवं जोडपं आणि शेंगा विकणारा एक मुलगा. चौघांचीही तोंडं सूर्याकडे होती. सल्लागारांनी वहीत काहीतरी टिपलं. मी डोकावलो. लिहिलं होतं: ‘दगड हटवणे’.

मला त्या वेळी मुंबईचं मरीन ड्राइव्ह आठवलं. अख्ख्या महाराष्ट्रात सर्वांत जास्त बसलेली जागा कोणती असेल तर ती त्या कठड्याची. 1915 ते 1920 या काळात समुद्र मागे सारून ती सडक उभी राहायला लागली, आणि कठडा बांधला तो समुद्राला आत येऊ न देण्यासाठी. त्यावर ‘बैठक व्यवस्था’ अशी पाटी नाही. बाजूला पंख नाहीत, बदाम नाही. पण उंची अशी मिळाली, की गिरणीतून सुटलेला कामगार, परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी, बागेत न मावणारं प्रेम आणि निवृत्तीनंतर घरात नको झालेला बाप या सगळ्यांचे पाय तिथे नीट लोंबकळतात. समुद्राकडे तोंड करायचं की गाड्यांकडे, हे ज्याचं त्याने ठरवायचं. बाजूला बसलेला माणूस कोण आहे हे विचारायचं नाही. सार्वजनिक जागा म्हणजे याहून वेगळं काय असतं? अनोळखी माणसाशेजारी फुकट बसता येणं, एवढीच तर ती सोय. ती एकदा साधली, की सुशोभीकरण माणसं स्वतःच करतात. कारण बसलेली, गप्पा मारणारी माणसं हीच त्या जागेची शोभा असते.

मरीन ड्राइव्हवरून पुढे गेलं की गिरगाव चौपाटी. तिथली पाणीपुरी जगप्रसिद्ध. आता थोडा भूगोल. वैतरणा नदी त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते, आमच्या मोखाड्यातून उतरते आणि अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. वाटेत तिला मुंबई भेटते. मुंबई अर्थात जागची हलत नाही, तिची धरणं हलतात. मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरण बांधलं. उंची 102 मीटर, आणि मुंबईला त्यातून रोज 45 कोटी लिटरांहून जास्त पाणी जाऊ शकतं. म्हणजे चौपाटीवर उभं राहून माणूस ज्या पाण्यात पुरी बुडवतो, त्यात थोडा मोखाडा असतो. चिंच-पुदिना मुंबईचा, पाणी आमचं. समुद्रकाठचं सगळं सौंदर्य, ती हिरवळ, ते फवारे, धुतलेल्या फरश्या, हे डोंगराच्या पाण्यावर उभं आहे. आणि त्याच मोखाड्यात एप्रिल-मे आला की पाड्यापाड्यावर टँकरची वाट बघतात. कुणी म्हणालं, की डोंगराला समुद्र नाही. मी म्हणतो, आहे, पण तो आम्ही पाइपने मुंबईला पाठवतो.

म्हणून मोखाड्याच्या चौकात कारंजं बसवायचा प्रस्ताव कुणी आणलाच, तर मी त्याचं स्वागत करीन. फक्त त्याखाली हंडा लावायला जागा सोडावी.

सल्लागारांसारख्या माणसांना एक गोष्ट समजावून सांगणं कठीण जातं: की या डोंगरावर सार्वजनिक जागा आहेत आणि त्या उत्तम चालतात. त्या फक्त जागेसारख्या दिसत नाहीत. मोखाड्याचा बोहाडा घ्या. होळीनंतर गावच्या रस्त्यावर रात्र रात्र मुखवट्यांची सोंगं नाचतात. गणपती येतो, सरस्वती येते, रावण येतो, नरसिंह येतो. संबळ आणि ढोल वाजतात, पलिते पेटतात आणि शेवटी जगदंबा महिषासुराला मारते. रस्ता रोजचाच, ज्यावरून सकाळी एस.टी. आणि दुपारी म्हशी जातात. पण त्या रात्री तोच रस्ता रंगमंच असतो, देऊळ असतं आणि प्रेक्षागृहही असतं. जोती बसायला, ओसऱ्या बायकांना, छपरं पोरांना, आणि अंथरूण घेऊन आलेली म्हातारी माणसं पहिल्या रांगेत आडवी. कुणाला पास लागत नाही. रावणाला कधी सेल्फी पॉइंट लागला नाही. तो स्वतःच आहे.

दुसरी जागा आठवड्याचा बाजार आणि रस्त्याची कड. पावसाच्या आधी जव्हारला शेवळं येतात, मग रानभाज्या, बांबूचे कोंब, करवंदं, पुढे काकड्या. पाड्यांवरच्या बायका पहाटे चालत किंवा पहिल्या गाडीने येतात आणि मोकळ्या कडेला, पानावर वाटे लावून बसतात. गावात नवा फुटपाथ झाला की पहिला प्रश्न येतो, "यांना कुठे हलवायचं?" जणू फुटपाथ आधी जन्मला आणि बाया नंतर उगवल्या. पर्यटकाला आम्ही सांगतो, की जव्हारची खरी मजा रानभाज्यांत आहे. आणि रानभाजीवालीला सांगतो, की पर्यटक येतात, तू जरा मागे सरक. मागे सरकत सरकत ती एक दिवस परत पाड्यावर पोचेल, आणि मग आम्ही तिचं चित्र वारली शैलीत भिंतीवर काढू.

तिसरी जागा एस.टी. स्टँड. जव्हारला आगार आहे. दिवाळीनंतर कामाला वसई-भिवंडीकडे निघालेली कुटुंबं, आश्रमशाळेला सुट्टी लागलेली पोरं, तालुक्याच्या दवाखान्यात आलेल्या गरोदर बाया, दाखल्यासाठी कचेरीत आलेले म्हातारे, सगळं जव्हार-मोखाडा कधी ना कधी स्टँडवर बसलेलं असतं. किंवा उभं असतं, कारण बसायला जागा पुरत नाही. पाहुणा सनसेट पॉइंटवर अर्धा तास थांबतो. इथला माणूस आयुष्यातले कितीतरी महिने स्टँडवर काढतो. सुशोभीकरणाचा पैसा नेमका अर्ध्या तासाच्या माणसावर का खर्च होतो, या प्रश्नाचं उत्तर नानांनी दिलं. ते म्हणाले, "अरे, स्टँडवरचा माणूस कुठे फोटो काढतो? तो गाडीचा बोर्ड बघत असतो."

एवढ्यात आम्हाला समुद्राने मदत केली. कोपनहेगनहून चालणारी एक संस्था जगभरच्या समुद्रकिनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ देते. भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना हा निळा झेंडा 2020 साली मिळाला. 2025 साली महाराष्ट्राच्या पाच किनाऱ्यांना मिळाला: श्रीवर्धन, नागाव, गुहागर, लाडघर आणि आमच्याच जिल्ह्यातला डहाणूचा पारनाका. बातमी आली तेव्हा आम्हाला आधी नेहमीसारखं वाटलं, की सागरीला झेंडा आणि डोंगरीला वाक्याचं शेपूट. मग मी ते निकष वाचायला घेतले. एकूण 33 आहेत. पाणी तपासून स्वच्छ असलं पाहिजे. त्या तपासणीचा निकाल लोकांना वाचता येईल असा लावला पाहिजे. पुरेशी शौचालयं हवीत आणि ती साफ हवीत. त्यातलं सांडपाणी कुठे जातं याचा हिशोब हवा. कचऱ्याचे डबे हवेत आणि ते रिकामे व्हायला हवेत. प्यायचं पाणी हवं. प्रथमोपचार हवा. अपंग माणसाला तिथपर्यंत जाता यायला हवं. कुठे काय आहे ते सांगणारा नकाशा हवा.

मी 33 निकष खालून वर आणि वरून खाली वाचले. त्यात सेल्फी पॉइंट कुठेच नाही. पंख नाहीत. बदाम नाही. कारंजं नाही. ‘आय लव्ह पारनाका’ अशी अक्षरं लावल्याबद्दल जास्तीचे गुण नाहीत. म्हणजे ज्या समुद्रकाठाकडून आम्ही पंख आणि बदाम उचलले, त्या समुद्रकाठाला जगाने झेंडा दिला तो शौचालय साफ ठेवल्याबद्दल. नक्कल करताना आम्ही उत्तरपत्रिकेवरची नक्षी उतरवून घेतली आणि उत्तरं तशीच सोडली.

मी नानांना यादी वाचून दाखवली. नाना ऐकत होते, मधेमधे हुंकार देत होते. शौचालयावर त्यांनी चष्मा काढला. प्यायच्या पाण्यावर पुसला. नकाशाला आल्यावर म्हणाले, "हे तर स्टँडचं वर्णन आहे."

"स्टँड असा असतो?"

"असायला पाहिजे, असं म्हणतोय. एक काम कर. अर्ज कर. जव्हारच्या स्टँडला तो निळा झेंडा मागून घे."

"नाना, तिथे समुद्र लागतो."

"मग अर्जात खाली लिही, की समुद्राची व्यवस्था सध्या डहाणूला आहे."

अर्ज करायचा तर मागण्या हव्यात, म्हणून आम्ही दोघांनी बसून त्या तयार केल्या. खर्च बेताचा आहे. मोठ्या झाडांभोवती पार बांधायचे, पण झाडाचा गळा न आवळता. बुंध्यापाशी माती मोकळी ठेवायची, म्हणजे पार टिकेपर्यंत झाडही टिकेल. जिथे बाया भाजीचे वाटे लावतात तिथेच त्यांना सावली आणि पाण्याचा नळ द्यायचा. ‘हॉकर झोन’ म्हणून गावाबाहेरच्या खड्ड्यात पाठवायचं नाही. दिवे दरीला दाखवण्यासाठी लावायचे नाहीत. पाय टाकायच्या जागी लावायचे. सूर्य आपला आपण मावळतो, खाली उतरणाऱ्या पायऱ्यांना उजेडाची गरज असते. शौचालय आतून चालू असेल तरच बाहेरून रंगवायचं. पेव्हर ब्लॉक मंजूर करणाऱ्याने जुलैत एकदा त्यावरून पांढऱ्या पँटीत चालून दाखवायचं. बाक बसवणाऱ्याने आधी स्वतः त्यावर बसून, समोर काय दिसतं ते लेखी द्यायचं.

सल्लागारांना ही यादी पाठवली. त्यांचं उत्तर सभ्य होतं. म्हणाले, सूचना चांगल्या आहेत, पण यात ‘दिसणारं’ काम कमी आहे. उद्घाटनाला पाहुण्यांनी फीत कापायची तर कुठे कापायची? नळावर फीत बांधता येत नाही.

मुद्दा खरा होता. नगरपालिका आमच्याकडे संस्थानकाळापासून आहे, 1918 पासून. एवढ्या काळात आम्ही एवढं तर शिकलोच आहोत, की ज्या कामाला कोनशिला नाही ते काम झालं असं धरलं जात नाही. कोनशिला सगळ्या घटकांत टिकाऊ. ब्लॉक उखडतात, पंखांचा रंग उडतो, बदामाचा दिवा जातो, पण काळ्या ग्रॅनाइटवरची सोनेरी नावं पावसालाही दाद देत नाहीत. मानाच्या क्रमाने लिहिलेली, मागचे-पुढचे ‘मा. ना.’ आणि ‘मा. श्री.’ नीट सांभाळलेली. गावात सर्वांत मजबूत बांधकाम कोणतं असेल तर ते हेच, आणि नेमकं त्याचाच कुणाला उपयोग नाही.

तेव्हा यादीत आम्ही शेवटची मागणी घातली, आणि ती मान्य झाली तर बाकीच्या सोडायलाही आमची तयारी आहे. स्टँडवर, बाजारात, सनसेट पॉइंटवर, हव्या तितक्या कोनशिला बसवा. जितकी कामं तितक्या, न झालेल्या कामांच्याही बसवा. फक्त त्या उभ्या बसवू नका, आडव्या बसवा. उंची दीड फूट, लांबी चार माणसांची, वरची बाजू सपाट आणि तोंड गाडी येते त्या बाजूला. नावं सगळी येऊ द्या, एकही वगळू नका. नावं वाढली की लांबी वाढेल आणि आणखी दोन माणसं बसतील.

मसुदा वाचून नानांनी एकच दुरुस्ती सुचवली. म्हणाले, "अक्षरं वरून नको, बाजूने कोरायला सांग. बसताना टोचतात."